गाडीबाहेर उभा राहिलेला कोच

माझ्या नवऱ्याचा फोन आला की मी आधी वाईटच ऐकायची तयारी करते. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण ही सवय काही सुटत नाही. फुटबॉलवाल्याच्या बायकोला ती लागतेच. इतर बायकांचे नवरे कामावर जातात आणि संध्याकाळी परत येतात. माझा गेला की परत येताना गुडघा धड असेल का, नाव अकरा जणांत असेल की बाकावर, आणि पुढच्या मोसमात हे काम तरी असेल की नाही, सगळंच अधांतरी. आता तो खेळत नाही. इथे कॅनडात, मार्कहॅममधल्या एका क्लबात बारा वर्षांच्या आतल्या मुलींना शिकवतो. आता तरी माझा जीव थाऱ्यावर राहील असं मला वाटलं होतं. कसला राहतोय.

कास्मिर तुस्कानो हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. ऐकलं असेल तर तुम्ही आमच्या वसईचे, किंवा मग फारच रिकामटेकडे. गोल करणाऱ्यांचे फोटो छापून येतात, हा लेफ्ट बॅक होता. म्हणजे डाव्या बाजूचा राखणदार. तो नीट खेळला तर कुणाच्या लक्षात येत नाही, चुकला की सगळ्या गावाला दिसतो. असलं काम त्याने पोटासाठी अकरा वर्षं केलं आणि वर त्याला ते आवडायचंही. मी मॅच सुरू झाली की रोझरी हातात घेऊन बसायचे आणि शिट्टी वाजेपर्यंत टीव्हीकडे बघायचे नाही.

त्याची सुरुवात झाली भात कापून रिकाम्या झालेल्या शेतात. आमच्याकडे फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, दिवसांत गावागावांच्या मॅची लागतात, आणि त्या मॅचींत जे भांडण होतं ते पुढच्या फेस्तापर्यंत पुरतं. शाळेतले ड्रिलमास्तर, बाल्तझर सर, हेच सगळ्या पोरांचे कोच. ते एका स्कूटरवर तिघातिघांना बसवून मॅचला न्यायचे. कास्मिरचा बाप बोटीवर, वर्षातून एकदा घरी येणारा. त्यामुळे सर त्याला कान धरून अभ्यासाला बसवायचे आणि त्याच हाताने जेवायला वाढायचे. पाऊस असला तर पोरं सरांच्या ओट्यावरच झोपायची. कुणाच्या आईने कधी विचारलं नाही की माझा मुलगा कुठे आहे. सरांकडे आहे म्हणजे झालं. कोच कसा असतो हे कास्मिर तिथे शिकला, आणि त्याच्या डोक्यातून ते कधी गेलंच नाही.

पुढे मुंबईतल्या एका कंपनीच्या टीममध्ये, मग गोव्यात, मग कोलकात्याला. करार नेहमी एका मोसमाचा. मोसम संपला की तो घरी यायचा आणि फोन समोर ठेवून बसायचा. मी आत आमच्या लेकीला, बियांकाला, पाजत असायचे आणि माझेही कान बाहेर. शेवटच्या दोन वर्षांत त्याचा उजवा गुडघा इंजेक्शनवरच चालला होता. कोलकात्याच्या क्लबाने त्याला काढलं तेही कुणी तोंडाने सांगितलं नाही. हा सकाळी सरावाला गेला तर त्याच्या नंबरची जर्सी दुसऱ्याच पोराच्या अंगात. कास्मिर कडेला उभा राहून अख्खा सराव बघत राहिला, शेवटी टाळ्या वाजवल्या आणि खोलीवर आला. टाळ्या कशाला वाजवल्यास म्हणून मी फोनवर त्याच्यावर खेकसले. तर म्हणतो, पोरगा बरा खेळला म्हणून. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

कॅनडाला आलो ते माझ्या कामावर. मी इथे म्हाताऱ्या माणसांच्या नर्सिंग होममध्ये काम करते. पहिली काही वर्षं कास्मिर वेअरहाउसमध्ये माल उतरवायचा, त्याच गुडघ्यावर. तेव्हा तो घरात असूनही नसल्यासारखा असायचा. जेवायचा, झोपायचा, विचारलं तेवढंच बोलायचा. मग बियांकाच्या टीमला मदतीला माणूस हवा होता म्हणून हा मैदानावर जायला लागला आणि हळूहळू माझा नवरा मला परत मिळाला. परीक्षा दिल्या, लायसन्स काढलं, आणि दोन वर्षांपूर्वी क्लबाने त्याला पूर्णवेळ कोच म्हणून घेतलं. त्या दिवशी तो आमच्या भाड्याच्या बेसमेंटच्या जिन्यावरून शिट्टी वाजवत उतरला. आमच्या तमिळ घरमालकांना वाटलं फायर अलार्म झाला. हे काम गेलं तर तो पुन्हा त्या वेअरहाउससारखा मुका होईल, ही माझी भीती. दुसरी कुठलीही नोकरी गेली तर आम्ही मार्ग काढू. ही गेली तर माणूसच जाईल.

आणि ते काम जाण्याची वेळ पहिल्याच वर्षी आली. एका मुलीने सरावात पास द्यायच्या ऐवजी उगीच स्वतःच बॉल पळवला, तेव्हा कास्मिरने हसत हसत तिचा कान धरला. पिळला नाही, नुसता धरला. बाल्तझर सरांनी त्याचा शंभरदा धरला असेल. मुलगीही हसत होती. पण तिची आई कडेला उभी होती आणि ती हसत नव्हती. दुसऱ्या दिवशी क्लबाचा डायरेक्टर ॲलिस्टर याने त्याला बोलावून घेतलं. ॲलिस्टर लाल दाढीचा, भला माणूस, पण त्याचाही नाइलाज. मुलांच्या अंगाला हात लावायचा नाही, आणि दुसरं मोठं माणूस हजर नसताना कुठल्याही मुलासोबत एकटं राहायचं नाही, ना खोलीत, ना गाडीत. हा इथला दोन माणसांचा नियम. त्यासाठी त्याला एक कोर्स पुन्हा करायला लावला, आणि यापुढे असं काही घडलं तर मी तुला वाचवू शकणार नाही असं ॲलिस्टरने स्वच्छ सांगितलं.

नियम चुकीचा आहे असं माझं म्हणणं नाही. कशासाठी केलाय ते मला कळतं, मलाही मुलगी आहे. पण कास्मिरला त्या दिवसापासून धसकाच बसला. मैदानावर तो हात पाठीमागे बांधून उभा राहायला लागला. एखादी मुलगी पडली की आधी आजूबाजूला बघायचा, कोण बघतंय, कोण नाही, आणि मग तिच्याकडे जायचा. घरी आल्यावर दिवसभरातलं एकेक आठवून मला विचारायचा, हे चाललं असेल ना? ते चाललं असेल ना? मी चिडायचे. एवढी भीती बाळगून कुणी मुलं शिकवतं का?

त्याच्या टीममध्ये जाई नावाची मुलगी आहे. नाशिककडची माणसं, नवीन आलेली. बाप नंदन डिलिव्हरीची गाडी चालवतो, आई सुरेखा पार्सलच्या गोदामात शिफ्ट करते. दोघांना मराठी बोलणारा कोच मिळाला याचा कोण आनंद. ‘सर’ म्हणायचे त्याला. आणि गावाकडे सरांना जसं हक्काने सांगतात तसं सांगायचे, आज उशीर होणार आहे, जाईला जाता जाता सोडाल का, तुमच्या वाटेवरच आहे. कास्मिर दर वेळी नाही म्हणायचा आणि दर वेळी त्याचे कान लाल व्हायचे. एकदा तर नंदनने मलाच ग्रोसरीच्या दुकानात गाठून विचारलं, वहिनी, सरांचा आमच्यावर काही राग आहे का? मी नियम समजावून सांगितला. त्याने मान डोलावली, पण त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की एवढ्याशा उपकारासाठी नियम दाखवणारा माणूस त्याला शिष्ट वाटला.

जानेवारीतला तो शनिवार. दुपारी सराव होता. हिवाळ्यात सराव डोममध्ये असतो. डोम म्हणजे हवेने फुगवलेला प्रचंड तंबू. दुपारी बर्फ सुरू झालं, आणि इतकं दाट की डोमच्या छतावर साचायला लागलं. असं झालं की तिथली माणसं डोम रिकामा करतात, छत खाली बसण्याची भीती असते. सराव मध्येच थांबवून सगळ्यांना बाहेर काढलं. आईबाप धावतपळत आले आणि आपापल्या मुली घेऊन गेले. कास्मिरचा मदतनीस डेस्मंड तापाने घरी होता. डोमच्या माणसांनी कुलूप लावलं आणि तेही गेले. त्यांना वाटलं मुलगी याचीच. पार्किंगमध्ये उरले दोघंच, कास्मिर आणि जाई.

त्याने नंदनला फोन केला, लागेना. नंतर कळलं, हायवेवर गाड्यांची टक्कर होऊन रस्ता बंद पडला होता आणि नंदन त्यात अडकला होता, फोनची बॅटरी संपलेली. सुरेखाला गोदामात फोन जवळ ठेवता येत नाही. ॲलिस्टरचा फोन नुसता वाजून बंद झाला. शेवटी त्याने मला लावला. मी तेव्हा जेवणाच्या हॉलमध्ये एका आजीला सूप भरवत होते.

“रोझ, जाई एकटीच राहिलीय. कुणी फोन उचलत नाहीये.”

“मग घरी सोड तिला.”

“एकट्याने? गाडीत?”

मी म्हटलं, नाहीतर काय खांद्यावर घेऊन जाणार आहेस? मला येता येत नव्हतं. बर्फामुळे पुढच्या शिफ्टच्या बायका पोचल्या नव्हत्या, आम्हाला जागचं हलायची सोय नव्हती. मी त्याला सांगितलं की एवढ्या वादळात तुला कुणी काही म्हणणार नाही. तो ऐकेना. तिच्या घरीही कुणी नाही, म्हणाला, दारात जाऊन काय करू, मी तिच्यासोबत घरात बसू? मग कॉफीच्या दुकानात जा म्हटलं. ते दूर होतं, रस्ता दिसत नव्हता, आणि तिथेही गाडीतूनच जावं लागणार. शेवटी त्याने काय केलं तर गाडी चालू करून हीटर लावला, जाईला आत बसवलं, आतून लॉक लाव म्हणून सांगितलं आणि स्वतः बाहेर उभा राहिला. अंगात क्लबाचं पातळ जॅकेट. बाहेर वजा एकोणीस आणि वर वारा.

“निदान आत तरी बस,” मी म्हटलं. “थिजून मरशील.”

“मी बाहेरच बरा आहे,” तो म्हणाला. “बाहेर असलो की येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतो.”

मी रागाने फोन ठेवला. आजींना सूप भरवत राहिले. आधी रागाने, मग काळजीने. त्याच्या हातापायांची काळजी, त्या गुडघ्याची. मुलीची मला काही काळजी वाटली नाही. ती तर उबेत बसली होती.

नंतर त्याने सगळं सांगितलं ते असं. वारा मागून येत होता, तो मुलीला लागू नये म्हणून तिला आत बसवण्याआधी त्याने गाडी मागे घेऊन पार्किंगच्या कडेला असलेल्या बर्फाच्या ढिगाला टेकवली. त्याला वाटलं, चांगला आडोसा झाला. अंगात ऊब राहावी म्हणून डिकीतून फावडं काढलं आणि गाडीच्या पुढचं बर्फ शोव्हल करत राहिला. नंदन आला की लगेच निघता यावं. मधेच गाडीभोवती जॉगिंग करायचा, जाई आतून हसायची. आणि सारखं रस्त्याकडे बघायचा. कुणी येतंय का हे बघायला, आणि आपल्याला कुणी बघतंय का हेही. आमची गाडी जुनी, खालून गंजलेली. मागचा धुराचा पाइप ढिगात रुतला होता आणि वरून बर्फ पडतच होतं. पाइप बुजला की इंजिनाच्या धुरातला विषारी वायू आत शिरतो, त्याला वास नसतो, आणि माणूस झोपेतच जातो. आम्ही इथे येऊन विंटर टायर्स लावायला शिकलो, बर्फ वितळायला दारात मीठ टाकायला शिकलो. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

माझा फोन पुन्हा वाजला तेव्हा मी औषधांच्या टेबलाशी होते. कास्मिर घाबरला की आधी मला फोन करतो, पोलिसांना नाही, कुणाला नाही. त्याचा आवाज मी ओळखलाच नाही.

“रोझ, ती उठत नाहीये.”

मला वाटलं झोपली असेल. पण शेजारी आमची फिलिपिनो नर्स उभी होती, तिला मी दोन शब्दांत सांगितलं तशी तिने माझ्या हातातला फोन ओढून घेतला आणि त्यात ओरडली, “गेट हर आउट! द एक्झॉस्ट! गेट हर आउट नाउ!” मग दुसऱ्या फोनवरून नाइन-वन-वन तिनेच लावला. मला पत्ताही धड आठवेना. डोमचं नाव तेवढं तोंडातून निघालं.

दारं आतून बंद, चावी आत. जाईने एकदा डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं, पण हात उचलेना. कास्मिरने फावड्याच्या दांड्याने मागची काच फोडली, आत हात घालून दार उघडलं आणि तिला ओढून बाहेर काढलं. दोन्ही हातांवर घेऊन तो रस्त्याकडे पळत सुटला. त्या गुडघ्यावर. बर्फ साफ करणाऱ्या ट्रकवाल्याने त्याला पाहून ट्रक थांबवला. अँब्युलन्स येईपर्यंत दोघं तिच्याशी बोलत राहिले, हा मराठीत आणि तो इंग्लिशमध्ये.

मी सुटका करून घेऊन हॉस्पिटलला पोचले तेव्हा जाई ऑक्सिजनवर होती, पण बोलत होती. डोकं दुखतंय म्हणत होती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर काढलं, ठीक होईल. कास्मिर भिंतीला टेकून बसला होता, बोटांची टोकं पांढरी पडलेली, हाताला काच लागलेली. मला बघून तो उठला नाही. अँब्युलन्सवाला पोरगा त्याच्याजवळ येऊन खांद्यावर थाप मारून सहज म्हणाला, बरं झालं तू आत बसला नव्हतास, नाहीतर तुम्ही दोघंही आम्हाला तसेच सापडला असतात. तो बोलून निघून गेला. मी मात्र तिथेच खुर्ची ओढून बसले. आत बस म्हणून मीच ओरडत होते ना.

तेवढ्यात सुरेखा आली. अंगात गोदामाचं पिवळं जॅकेट तसंच. आधी मुलीजवळ गेली, तिच्या तोंडावरून हात फिरवला, डॉक्टरांशी बोलली. मग बाहेर येऊन कास्मिरसमोर उभी राहिली. मला वाटलं आभार मानेल.

“सर, तुम्ही कुठे होतात?”

“बाहेर. गाडीच्या बाहेर.”

“माझी पोरगी आत, आणि तुम्ही बाहेर का?”

कास्मिर आपल्या काच लागलेल्या हाताकडे बघायला लागला. मीच नियमाचं सांगायला लागले, तर तिने हात वर करून मला थांबवलं. तिला माझ्याकडून ऐकायचं नव्हतं. थोडा वेळ वाट बघून ती आत निघून गेली.

क्लबाने चौकशी बसवली आणि ती होईपर्यंत त्याला मैदानावर यायला मनाई केली. ते दिवस मी विसरणार नाही. बोटांची कातडी सोलून निघत होती आणि तो बेसमेंटच्या खिडकीतून बर्फाकडे बघत बसायचा. जेवायला बोलावलं की जेवायचा. वेअरहाउसच्या दिवसांतला तोच माणूस परत आला होता आणि मला भीतीने झोप लागत नव्हती. आम्ही दोघी मायलेकी त्याला पढवायला लागलो. बियांका म्हणायची, “डॅड, यू फॉलोड द रूल. जस्ट से दॅट.” मीही तेच म्हणत होते. तू नियम पाळलास, म्हणून बाहेर होतास, आणि बाहेर होतास म्हणून ती वाचली. एवढंच सांग. आणि यात खोटं काय आहे? शब्द न् शब्द खरा. तो मान हलवायचा, त्यामुळे आम्हाला वाटलं पटलं.

चौकशी कम्युनिटी सेंटरच्या एका खोलीत झाली. सोबत एक माणूस चालतं म्हणून मी मागे बसले. टेबलापलीकडे ॲलिस्टर, क्लबाचे एक वकील आणि वरच्या संघटनेतून आलेली एक बाई. एका बाजूला नंदन आणि सुरेखा. नंदनने आम्हाला नमस्कार केला, सुरेखाने नाही. कास्मिरने सगळं क्रमाने सांगितलं. इंग्रजी त्याचं मोडकंतोडकं, पण कुठे अडला नाही. ॲलिस्टरचा चेहरा सैल होत गेला, मला वाटलं निभावलं. मग त्या बाईने विचारलं, संकटाच्या वेळी हा नियम बाजूला ठेवता येतो हे तुम्हाला कोर्समध्ये शिकवलं होतं ना?

तो म्हणाला, हो, शिकवलं होतं. पण हे संकट होतं की नव्हतं हे नंतर कोण ठरवणार, तुम्हीच ना?

ॲलिस्टरने घाईघाईने त्याला सावरायला विचारलं, म्हणजे तू नियम पाळत होतास आणि त्यामुळेच ती वाचली, असंच ना? मी मनातल्या मनात सायबिणीचा, मारिया मातेचा, धावा केला. हो म्हण. नुसतं हो म्हण.

कास्मिर म्हणाला, “नाही. मी नियमासाठी उभा नव्हतो. मला भीती वाटत होती, माझी नोकरी जाईल म्हणून. तिथे उभा असताना सगळा वेळ मी रस्त्याकडे बघत होतो, मला कोण बघतंय म्हणून. तिच्याकडे कमी बघितलं. तिची मान खाली गेली ती कधी, हे मला माहीत नाही. मी बघत असतो तर माहीत असतं.”

वकिलांनी पेन खाली ठेवलं. मग कास्मिर सुरेखाकडे वळला आणि मराठीत म्हणाला, “तुम्ही विचारलं होतं, बाहेर का. हे त्याचं उत्तर.”

सुरेखा त्याच्याकडे बघत राहिली. आम्हाला सगळ्यांना जायला सांगितलं.

गाडीत बसल्यावर मी त्याच्यावर तुटून पडले. कोण विचारत होतं तुला मनातलं? हातात आलेला डाव स्वतः लाथाडलास. आता परत जा माल उतरवायला. तो ऐकून घेत होता, आणि माझा आवाज चढत चढत शेवटी रडण्यावर गेला. तेव्हा म्हणाला, रोझ, ती आई आहे, तिला खरं कळायला नको? मला त्याचं बोलणं पटत होतं आणि त्याच वेळी त्याचा गळा दाबावासा वाटत होता.

ॲलिस्टरचा फोन यायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत आमच्या घरात फोन वाजला की तिघंही जागच्या जागी थांबायचो. शेवटी आला. मोसम संपेपर्यंत त्याला प्रोबेशनवर ठेवणार होते. मैदानावर दुसरं मोठं माणूस कायम हजर हवं, आणि मोसमाच्या शेवटी पुन्हा विचार होणार. म्हणजे पुन्हा टांगणीलाच. मी फोनवरच ॲलिस्टरला विचारलं, जाई येणार आहे का? ते त्यालाही माहीत नव्हतं. पहिल्या शनिवारच्या आदल्या रात्री कास्मिरने बूट तीनदा पुसले.

त्या शनिवारी मीही डोममध्ये गेले. एवढ्या वर्षांत मी त्याच्या सरावाला कधी गेले नव्हते. मुली एकेक करून येत होत्या. काहींचे आईबाप त्याच्याशी बोलत होते, काही लांबूनच मान हलवत होते, आणि दोघींना त्यांच्या आयांनी दुसऱ्या क्लबात घातलं होतं. सराव सुरू व्हायच्या बेतात असताना जाई आली. मागे सुरेखा. शनिवारची शिफ्ट सोडून आली असणार. तिने कास्मिरकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. सरळ बघणाऱ्यांच्या पायऱ्यांवर सगळ्यात वर जाऊन बसली, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि नजर मुलीवर ठेवली. डेस्मंड दुसऱ्या बाजूला सरावाचे प्लास्टिकचे कोन मांडत होता.

अर्धा सराव झाला असेल. मुली दोन टीम करून खेळत होत्या. आणि जाई एकदम खाली बसली. कुणाचा धक्का लागलेला मला दिसला नाही. बसली आणि दोन्ही हातांत डोकं धरलं. मैदानावरच्या मुली थांबल्या. माझ्या तोंडातून आवाज निघाला. वर सुरेखा ताडकन उठून उभी राहिली होती.

कास्मिर पळत गेला. त्या गुडघ्यावर बसला, तिचे हात बाजूला केले, दोन्ही हातांनी तिचं तोंड वर उचललं आणि तिच्या डोळ्यांत बघायला लागला. तिला नाव विचारलं, दिवस विचारला, आणखी काहीतरी विचारलं. मागे वळून त्याने एकदाही पाहिलं नाही, ना डेस्मंडकडे, ना पायऱ्यांकडे. डोममधली सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती आणि हे त्याच्या गावीही नव्हतं. जाई काहीतरी बोलली. मग मला ऐकू आलं, बॉल जोरात कानाला लागला होता, आणि कान गरम झालाय म्हणून ती रडत होती. त्याने तो कान हातात धरून नीट तपासला, फुंकर मारली आणि तिला बाकावर नेऊन बसवलं. आज तू खेळायचं नाहीस, म्हणाला. ती हुज्जत घालायला लागली, तरी तो तिच्या शेजारून हलला नाही.

मी वर पाहिलं. सुरेखा अजून उभीच होती. मग ती खाली बसली.